डोळा चुरचुरतोय? घरी काय करायचं, काय अजिबात नाही करायचं, आणि कधी उठून डॉक्टरकडे पळायचं

मागच्या फेब्रुवारीत पुण्यात सूस रोडवरून स्कूटरवर घरी येत होते, पुढे खडीचा डंपर, त्यावर ताडपत्री नावाला, आणि उकडत होतं म्हणून मी हेल्मेटची काच वर केलेली. डोळ्यात काहीतरी गेलं. सिग्नलला थांबून स्कार्फच्या टोकाने डोळा खसाखसा चोळला. घरी येऊन बेसिनवर पाणी मारलं, तरी खुपतच होतं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, तेव्हा फ्रिजच्या दारात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले ड्रॉप होते त्यातले दोन थेंब टाकले आणि काय सांगू, दोन तासांत लाली गायब, मी खूश. तिसऱ्या दिवशी ट्यूबलाइटकडे बघवेना.

डॉक्टरांनी मला खाली बघायला सांगून कापसाच्या काडीवर वरची पापणी उलटी केली, तर आत खसखशीएवढा काळा कण चिकटलेला. मग केशरी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात फोटो काढून मलाच दाखवला. बुबुळावर उभ्या हिरव्या रेघा, मांजरीने ओरखडल्यासारख्या. म्हणजे तीन दिवस मी जितक्या वेळा पापणी मिटली तितक्या वेळा तो कण घासत होता, आणि ते ड्रॉप स्टिरॉइडचे होते, त्यांनी फक्त लाली दाबली, कण आणि जखम जागेवरच.

तेव्हापासून घरात, बिल्डिंगमध्ये कोणाचा डोळा चुरचुरला की मला फोन येतो. मी डॉक्टर नाही, पण मला जे आधी कोणी सांगायला हवं होतं ते क्रमाने लिहिते.

१. सगळ्यात आधी ठरवा, हे घरचं काम आहे का

ही पायरी सगळे गाळतात. डोळा धुवायच्याही आधी एकच गोष्ट करा, एक डोळा तळहाताने झाकून (दाबायचा नाही) भिंतीवरच्या कालनिर्णयातली बारीक अक्षरं वाचा, मग दुसरा झाकून वाचा. चष्मा असेल तर घालूनच. ज्या डोळ्याचा त्रास आहे त्याने रोजच्यापेक्षा धूसर दिसतंय आणि दोनचार वेळा उघडझाप करूनही साफ होत नाहीये तर हा लेख बंद करा आणि डॉक्टरकडे जा.

खालीलपैकी काहीही असेल तरी घरी थांबायचं नाही:

- नुसती चुरचुर नाही, खरोखर दुखतंय, डोळ्याच्या आतून ठणकतंय
- उजेड सहन होत नाही
- ग्राइंडर, वेल्डिंग, ड्रिल किंवा हातोडीचं काम करताना काही उडालंय (असा कण वेगाने डोळ्याच्या आत घुसलेला असू शकतो आणि बाहेरून डोळा जवळपास ठीक दिसतो)
- झाडाची फांदी, उसाचं पान, गवताचं पातं लागलंय. याने बुरशीचं इन्फेक्शन होतं आणि ते फार चिवट असतं
- कॉन्टॅक्ट लेन्स लावता आणि डोळा लाल झालाय
- दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, डोकं दुखतंय, मळमळतंय
- डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय
- तान्हं बाळ आहे
- मिरवणुकीत लेझर डोळ्यावर आला आणि मधोमध डाग दिसतोय. इथे धुऊन काही होत नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं (रेटिनाचं) काम आहे

यातलं काही नसेल आणि फक्त चुरचुर, खाज, थोडी लाली, पाणी येणं, रेती गेल्यासारखं वाटणं एवढंच असेल तर पुढे वाचा.

२. केमिकल गेलं असेल तर वाचत बसू नका, नळाखाली जा

फिनाइल, टॉयलेट क्लीनर, अॅसिड, पेंट, आणि चुना. चुन्याबद्दल मुद्दाम लिहिते कारण आपल्याकडे घरात कोणी तंबाखू खाणारं असलं की चुन्याची पुडी किंवा ट्यूब टीव्हीजवळ पडलेली असते, लहान मूल ती दोन्ही हातांनी दाबतं आणि ती फुटते ती थेट तोंडावर. अॅसिडपेक्षा चुना डोळ्याला जास्त वाईट, कारण तो आत आत जळत जातो.

अशा वेळी पाणी उकळायचं, गार करायचं, सलाईन आणायला कोणाला पाठवायचं, काही नाही. समोर जो नळ असेल तो, टँकरचं पाणी असलं तरी चालेल. डोळा बोटांनी उघडा धरून कमीत कमी १५ ते २० मिनिटं घड्याळ लावून धार सोडा, चुना असेल तर अर्धा तास. डोकं अशा बाजूला वळवा की खराब पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. लेन्स असेल तर धुता धुता निघाली तर काढा. चुन्याचे पांढरे खडे पापणीत दिसले तर ओल्या स्वच्छ कपड्याने पुसून काढा. अॅसिड गेलंय म्हणून सोडा, चुना गेलाय म्हणून लिंबू असले प्रयोग नकोत. धुऊन झालं की लगेच हॉस्पिटल, आणि बाटली किंवा पुडी बरोबर घ्या.

३. हे सामान घरात आधीच ठेवा

फार काही लागत नाही.

- नॉर्मल सलाईनची छोटी बाटली, केमिस्टकडे स्वस्तात मिळते. फोडली की उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं नाही
- ते नसेल तर उकळून झाकून गार केलेलं पिण्याचं पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, खालची टाकी, वरची टाकी करत पाणी नळाला येतं, म्हणून साध्या धुण्यालाही मी उकळलेलंच वापरते
- लुब्रिकंट ड्रॉप, ज्याला आर्टिफिशियल टियर्स म्हणतात. बाटलीवर कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज असं लांबलचक नाव असतं, साधारण ०.५ टक्के
- चार पाच स्वच्छ सुती रुमाल, फक्त डोळ्यासाठी वेगळे. कापसाचे बोळे नकोत, धागे सुटून डोळ्यात जातात
- मार्कर पेन. कशाला ते पुढे सांगते

४. धुवायची पद्धत

आधी हात साबणाने धुवा. मिरच्या चिरल्या असतील तर दोनदा, कारण तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. लेन्स असेल तर काढून ठेवा, डोळा पूर्ण बरा होईपर्यंत पुन्हा लावायची नाही आणि ती लेन्स नळाच्या पाण्यात धुवायची तर कधीच नाही, पाण्यात अकँथामिबा नावाचा जीव असतो, तो लेन्सवर बसून बुबुळात शिरला की महिनोनमहिने औषधं घ्यावी लागतात.

मग बेसिनवर वाका, मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला तिरकी करा, खालची पापणी बोटाने ओढा आणि नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या कोपऱ्याकडे हळू धार सोडा. पाणी कोमट किंवा साधं. हे करताना वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघा, म्हणजे कोपऱ्यातला कचरा सुटतो. पाण्याचे हबके मारायचे नाहीत, आपण टीव्हीत बघतो तसे फटाफट, त्याने कण अजून वर जाऊन बसतो.

तरी खुपतंय? वरची पापणी पापण्यांच्या केसांना धरून हळूच खालच्या पापणीवर ओढून सोडा, खालचे केस ब्रशसारखं काम करतात. दोनतीनदा करून बघा. पांढऱ्या भागावर किंवा खालच्या पापणीच्या आत कण डोळ्याने दिसतोय तर ओल्या रुमालाच्या टोकाने हलकेच टिपा. पण काळ्या भागावर, म्हणजे बुबुळावर कण दिसला तर हात लावायचा नाही, बायको धरते आणि मी काढतो वगैरे नाही, ते काम डॉक्टरचं. पदराची वाफ देणं, जिभेने काढणं हेही लोक करतात, मी गावाला प्रत्यक्ष पाहिलंय, नका करू.

धुऊन झाल्यावर थोडा वेळ रेती गेल्यासारखं वाटू शकतं, कारण कण गेला तरी हलका ओरखडा राहतो. लहानसा ओरखडा एक दोन दिवसांत भरतो. पण प्रत्येक वेळी पापणी मिटताना एकाच जागी टोचत असेल तर समजा कण वरच्या पापणीखाली आहे, माझ्यासारखं तीन दिवस बसू नका.

५. चोळायचं नाही

एवढंच वाक्य फ्रिजवर लावा. खाज आली की चोळल्याने आणखी खाज सुटते आणि वर्षानुवर्षं जोरात चोळणाऱ्यांमध्ये बुबुळ शंकूसारखं पुढे यायचा आजार जास्त दिसतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. आमच्या शेजारच्या पोराला दिवसातून पन्नासदा चोळायची सवय होती, अॅलर्जीची. रात्री झोपेत चोळायचा म्हणून त्याच्या आईने हातात मोजे घालून झोपवलं होतं, हसू नका, उपयोग झाला.

६. कशामुळे होतंय ते ओळखा, उपाय त्यावर आहे

धूळ आणि धूर. पुण्यात हे बारा महिने. कुठे मेट्रो, कुठे उड्डाणपूल, कुठे काँक्रीटचा रस्ता. धुवायचं, लुब्रिकंट टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशीपासून हेल्मेटची काच खाली. आपल्याकडच्या मुली स्कार्फ इतका मन लावून बांधतात की ओळख पटत नाही, पण डोळेच तेवढे उघडे. काच नसेल तर साधा पारदर्शक गॉगल घाला, रात्री काळा नको. गणपतीत गुलाल आणि दिवाळीत फटाक्यांचा धूर, तिथेही हेच.

अॅलर्जी. ओळखायची खूण म्हणजे खाज. दोन्ही डोळे, बरोबर शिंका, नाक गळणं, आणि दरवर्षी त्याच सुमारास. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत माजतं, त्याचा अनेकांना त्रास होतो. सोसायटीत ते उपटायचा कार्यक्रम ठेवलात तर हातमोजे, मास्क आणि गॉगल घालूनच, शक्यतो फुलं यायच्या आधी. डोळ्याला गार पाण्याची घडी, पाच दहा मिनिटं, दिवसातून तीनचार वेळा. बर्फ थेट नाही. लुब्रिकंटची बाटली फ्रिजमध्ये ठेवून गार थेंब टाकले की खाजेला मस्त आराम पडतो. बाहेरून आलं की तोंड धुवा, आणि रात्री केस धुतलेले नसतील तर निदान उशीचा अभ्रा बदला. याने भागलं नाही तर अॅलर्जीचे वेगळे ड्रॉप असतात, ते डॉक्टरला विचारून.

स्क्रीन. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या आयटीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो आणि मिटल्या तरी अर्ध्याच, वर एसीचा झोत तोंडावर. डोळा कोरडा पडतो आणि गंमत म्हणजे कोरडा पडल्यामुळेच त्यातून पाणी गळतं, म्हणून लोकांना पटत नाही की कोरडेपणा आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघा. एसीचं तोंड फिरवा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा खाली घ्या. लुब्रिकंट दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्वेटिव्ह नसलेलं मागा, कारण ते प्रिझर्वेटिव्हच जास्त झालं की डोळा चुरचुरवतं.

मिरची. आग होते, जीव जातो, पण कणभर तिखट असेल तर धुतल्यावर तासाभरात उतरते. दूध, तूप डोळ्यात घालू नका.

रांजणवाडी. पापणीच्या कडेला दुखरी पुळी. इथे गार नाही, शेक. रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यावर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीनचार वेळा. तळहातावर बोट घासून शेकायची आजीची पद्धत आहे ना, तिच्यात तत्त्व तेच, ऊब द्यायची, फक्त बोट लगेच गार होतं आणि स्वच्छ असेलच असं नाही. लवंग उगाळून लावू नका, ती डोळ्यात उतरते. फोडायची नाही. आठवडाभरात बसली नाही, किंवा सगळी पापणीच सुजली, ताप आला तर डॉक्टर.

डोळे येणं. जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळेतल्या पोरांपासून सुरू होऊन सगळ्या पुण्यात साथ पसरली होती, आठवत असेल. आपल्याच पुण्यातल्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) नमुने तपासले तेव्हा अॅडिनोव्हायरस सापडला. आमचा मुलगा तेव्हा तिसरीत, सकाळी उठला तर चिपडांनी दोन्ही डोळे चिकटलेले आणि रडायला लागला की मला दिसत नाहीये. रुमाल कोमट पाण्यात भिजवून दोन मिनिटं नुसता ठेवला, चिपडं सुटली, मग आतून बाहेर एकदाच पुसून तो रुमाल थेट धुण्यात, दुसऱ्या डोळ्याला दुसरा रुमाल.

व्हायरसने आलेले डोळे बहुतेक वेळा एक ते दोन आठवड्यांत आपले आपण जातात, अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही. जाड पिवळा पू सारखा येत असेल तर बॅक्टेरिया असू शकतो, दाखवून घ्या. आणि हो, नजरेला नजर दिली की डोळे येतात हे खोटं आहे. हाताने, टॉवेलने, उशीने, मोबाइलने पसरतं. काळा गॉगल समोरच्याच्या संरक्षणासाठी नाही, आपल्याला उजेड टोचू नये म्हणून. टॉवेल, साबण, उशी वेगळी ठेवा, हात सारखे धुवा, काजळ आणि आयलायनर जे आजारपणात वापरलं ते फेकून द्या. मुलाला डोळ्यातून पाणी यायचं थांबेपर्यंत शाळेत पाठवू नका, परीक्षा असली तरी.

७. ड्रॉप टाकायची पद्धत

निम्मे ड्रॉप गालावर जातात. बसून किंवा आडवं होऊन वर बघा, खालची पापणी ओढून खिसा करा, त्यात एक थेंब. एकच, कारण डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा नसते, दुसरा वाया. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. डोळा हळू मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक मिनिट दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरून कडू लागतं. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं. लहान मूल डोळा उघडत नसेल तर झोपवून मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर थेंब ठेवा आणि मग उघडायला सांगा, आपोआप आत जातो.

मार्कर यासाठी: बाटली फोडलेली तारीख तिच्यावर लिहा. साधारण महिन्याने फेकायची, आत कितीही उरलेलं असो, लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर तसं. आणि टाकायच्या आधी नाव मोठ्याने वाचा. कानाचे ड्रॉप आणि ग्लूची छोटी बाटली अगदी तशीच दिसते.

८. सगळ्यात मोठा सापळा: "डोळ्याचा ड्रॉप द्या हो"

केमिस्टला असं म्हटलं की बऱ्याचदा हातात अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली येते. आराम लगेच पडतो, म्हणूनच ती लोकप्रिय. पण स्टिरॉइडने हर्पिस नावाच्या व्हायरसचं किंवा बुरशीचं इन्फेक्शन भडकतं, आणि आठवडेच्या आठवडे टाकत राहिलं की डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. बाटलीवरचं बारीक अक्षर बघा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनोल यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. डॉक्टरने दिलं असेल तर सांगितलं तितकेच दिवस, नसेल दिलं तर परत ठेवा. स्टिरॉइड वाईट आहे असं नाही, सासूबाईंना ऑपरेशननंतर तेच लागत होतं, पण त्यांच्यासाठी, त्या दिवसांपुरतं.

लाली घालवणारे ड्रॉपही तसेच. नॅफॅझोलिनवाले सारखे वापरले की सोडल्यावर डोळा आणखी लाल होतो.

घरचे उपायही सांगते कारण कमीतकमी दोन मावश्या फोन करतील: गुलाबपाणी, मध, धण्याचं पाणी, तुरटी, आईचं दूध. यातलं काहीच डोळ्यात घालू नका. यातलं काहीही निर्जंतुक नसतं, भले बाटलीवर शुद्ध लिहिलेलं असो. काजळ बाळाला घालू नका, विकतच्या काही काजळांत शिसं सापडलेलं आहे. तीट कपाळावर लावा, तळपायाला लावा, मावशी खूश आणि डोळा सुरक्षित.

९. किती वाट बघायची, आणि कुठे जायचं

साधी चुरचुर असेल तर एक दोन दिवसांत उतार दिसायला हवा. ४८ तासांत फरक नाही, किंवा वाढतंय, तर जा. रोज एकदा ते कालनिर्णयवालं वाचन करत राहा.

ससून हॉस्पिटलला डोळ्यांची ओपीडी आहे, पुणे स्टेशनजवळ, सकाळी लवकर गेलेलं बरं. पिंपरीकरांना वायसीएम (यशवंतराव चव्हाण) हॉस्पिटल. हडपसरकडच्यांना महंमदवाडीचं देसाई आय हॉस्पिटल, शिवाजीनगरला एनआयओ हे डोळ्यांचं हॉस्पिटल. नाहीतर जवळचे डोळ्यांचे डॉक्टर. चष्म्याच्या दुकानातली तपासणी म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर नव्हेत, हा घोळ फार होतो.

बरोबर न्यायचं: आधी काय काय टाकलं त्या सगळ्या बाटल्या (लाजू नका, मी सासूबाईंची बाटली पिशवीतून काढली तेव्हा डॉक्टर फक्त "हं" म्हणाले), चष्मा, लेन्स आणि तिची डबी, जुनी फाइल किंवा ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, डायबिटीस किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची यादी, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते. त्या दिवशी काजळ लावून जाऊ नका.

आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकले तर पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, गॉगल लागतो. मी शहाणपणा करून स्कूटरवर गेले होते, मग नवरा ऑफिसातून रिक्षाने आला, मला त्याच रिक्षात बसवलं आणि स्कूटर घेऊन मागून आला, काच खाली करून.